बेड नंबर तेरा

नर्सच्या खिशात पेनं कशी साठतात, ते एकदा बघायला हवं. ड्युटीवर जाताना एक पेन नेलेलं असतं, घरी येऊन खिसा उलटा केला की चार निघतात. त्यातलं आपलं एकही नसतं! किस्स्यांचंही तेच. कोविड वॉर्डातून मी जे किस्से घरी आणले त्यातले निम्मे माझे नाहीतच. आणि माझे कुणाच्या खिशात गेले, देव जाणे.

लोक अजून विचारतात, "सिस्टर, कसं काय केलंत हो त्या काळात?" विचारताना चेहरा असा करतात, की जणू मीच गेलेय. मी सांगते, "भांडत केलं, हसत केलं, मधूनमधून रडलो." मग त्यांचा विरस होतो. त्यांना एक तर देवी हवी असते, नाहीतर बिचारी. मी दोन्ही नाही. मी बोरस्ते सिस्टर, राहणार नाशिक. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे!

आमचा वॉर्ड बारा बेडचा. माझ्याबरोबर होता गावित ब्रदर, म्हणजे आमच्यातला पुरुष नर्स, पेठकडचा. साफसफाईला पगारे मावशी, सिन्नरच्या बाजूच्या. आणि मनीषा आहेर. देवळ्याची पोरगी, कॉन्ट्रॅक्टवर लागलेली, पहिलीच नोकरी. हातात ग्लोव्हज घालायला शिकली आणि थेट कोविड वॉर्डात येऊन पडली. पेशंटांइतकीच आम्हाला तिची काळजी असायची. ही पोरगी निभावून नेते, की मधेच कोलमडते? कधीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "मी स्टेबल आहे, सिस्टर." वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या बाईला स्टेबल म्हणजे काय ते माहीत असतं: स्टेबल म्हटलेला पेशंट रात्रीतून कोसळतो. म्हणून तर मला जास्त भीती वाटायची.

*

ड्युटी बदलताना आमच्यात 'ओव्हर' देतात. जाणारा येणाऱ्याला एकेका बेडचं सांगतो. नाव, वय, शुद्धीवर आहे का, खाल्लं किती, लघवी किती. येणारा ते रजिस्टरमध्ये उतरवून घेतो. हे इतक्या वेळा केलेलं असतं की कान ऐकतात, हात लिहितो, डोकं मधे येतच नाही.

एका दुपारी दोन वाजता मी गावितकडून ओव्हर घेत होते. पीपीई कीट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. त्याचा अवतार बघण्यासारखा झाला होता. बेड बारापर्यंत सांगून झालं आणि त्याच सुरात तो पुढे म्हणाला, "बेड तेरा. गावित, पुरुष, एकतीस वर्षं. कॉन्शस. सकाळपासून तोंडावाटे काही नाय. युरिन आउटपुट निल. पेशंट चिडचिडा." आणि गेला निघून.

माझ्या हाताने ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं!

तासाभराने मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. मी आत एकाला सलाईन लावत होते, म्हणून फोनवर मनीषाने रजिस्टर वाचून दाखवलं. नवीन पोरगी, प्रामाणिक. तेरासुद्धा वाचला. डॉक्टर फोनवरच ओरडले, "सकाळपासून लघवी नाही आणि मला आत्ता सांगता? ताबडतोब कॅथेटर टाका!"

मनीषाने ट्रे तयार केला, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी काढली आणि तेरा नंबर शोधत निघाली. गावित बाहेरच्या खोलीत कपडे बदलून चहा पीत बसला होता. ही दारात ट्रे घेऊन उभी. "ब्रदर, बेड तेरा कुठे आहे? डॉक्टरांनी कॅथेटर टाकायला सांगितलंय." चहा तिथेच ठेवून गावित जो पळाला, तो पार्किंगमध्ये जाऊन थांबला! त्या दिवशी मनीषा वॉर्डात पहिल्यांदा हसली.

*

मग आम्हाला नादच लागला. बारा बेड झाले की तेरावा. ज्याचा दिवस वाईट, तो तेरावर. "बेड तेरा, बोरस्ते. झोप निल. सकाळी कारण नसताना मुलाच्या पाठीत धपाटा घातला." "बेड तेरा, गावित. गावाकडून फोन आला, आईला ताप. पेशंट घाबरलेला." कुणाला तोंडाने सांगायला जमत नव्हतं ते ओव्हरच्या भाषेत पटकन सांगता यायचं. फक्त मनीषा कधी तेरावर आली नाही. ती स्टेबल!

एक दिवस मेट्रन मॅडमनी, म्हणजे आम्हा सगळ्या नर्सच्या प्रमुखांनी, रजिस्टर बघितलं. या बाईला सगळं हॉस्पिटल टरकून असतं. टोपीची पिन वाकडी असली तरी उभं करून विचारतील. मला बोलावणं आलं तेव्हा मी आधी पिन सरळ केली.

"वॉर्डात बेड किती?"

"बारा, मॅडम."

"मग हा तेरावा कुठून आला?"

मला काय झालं कोण जाणे, मी ठासून बोलून गेले, "मॅडम, तो पेशंट आहेच. फक्त त्याला कुणी ॲडमिट करून घेत नाही."

मॅडमनी पानं उलटली. सगळी वाचली. माझ्या धपाट्यापर्यंत आल्या, तिथे जरा थांबल्या. मग रजिस्टर माझ्यापुढे आपटलं.

"पेशंट लिहिता आणि ट्रीटमेंटचा कॉलम रिकामा सोडता? अशी अर्धवट नोंद मला चालत नाही!"

तेव्हापासून तो कॉलम भरायला लागलो. "ट्रीटमेंट: बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं, चहा. दिली." "ट्रीटमेंट: मुलाला फोन लावून सॉरी म्हणणे. दिली." खाली मेट्रन मॅडमची सही. नियमाप्रमाणे.

*

पगारे मावशींचं ऐका. कीट घातलं की सगळे सारखेच पांढरे. म्हणून आम्ही छातीवर मार्करने नाव लिहायचो. मावशी लिहू द्यायच्या नाहीत. "माज्यावर काय लिवता? मला कोन विचारतंय!" झालं उलटंच. नाव नाही म्हणजे मोठ्या डॉक्टर असणार, असं पेशंटांनी ठरवून टाकलं.

चार नंबरला एक रिटायर्ड साहेब होते. श्वास सुधारावा म्हणून पालथं झोपायचं असतं, ते ऐकतच नव्हते. मी सांगितलं, गावितने सांगितलं. "मला मोठ्या डॉक्टरांशी बोलायचंय," एवढंच म्हणायचे. तेवढ्यात मावशी फरशी पुसत बेडपाशी आल्या. "पालथं व्हा, बाबा."

साहेब ताबडतोब पालथे! उशीत तोंड खुपसून नम्रपणे विचारतात, "डॉक्टर, किती वेळ?"

"माजी फरशी वाळूस्तोवर!"

याच मावशींनी मनीषाला सगळ्यात आधी ओळखलं. कीट काढायच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी असायची. रडणं नाही, बोलणं नाही, नुसती उभी. मी दोनदा समजुतीचं बोलून बघितलं, उपयोग शून्य. मावशी बादली घेऊन आत गेल्या आणि म्हणाल्या, "रड की, बये. फरशी तशीबी मला पुसायचीच हाय." मनीषा रडली नाही. पण मावशींच्या हातातल्या बादलीची कडी तिनेही धरली.

*

आता माझ्या बिल्डिंगचा किस्सा. पहिल्या लाटेत याच लोकांनी गॅलरीत उभं राहून माझ्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. मी खालून हात केला, डोळ्यांत पाणीबिणी आलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दहा फूट लांबून म्हणतात, "ताई, कमिटीचं असं म्हणणं पडलं की तुम्ही लिफ्ट वापरू नये."

मी चौथ्या मजल्यावर राहते. सहा तास कीटमध्ये उभं राहिल्यावर चार जिने चढायचे म्हणजे काय असतं, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पण भांडायला त्राण नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसायचे आणि मनातल्या मनात कमिटीच्या एकेका मेंबरचा उद्धार करायचे. तेवढीच माझी थेरपी.

एके सकाळी सेक्रेटरींचा फोन. आईला धाप लागलीये, ताई, जरा येता का. मी धावतच गेले, जिन्यानेच. आजींना पालथं केलं, ऑक्सिजन मोजला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. पुढे आजी बऱ्या होऊन घरी आल्या, ते सोडा. निघताना सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "ताई, आता लिफ्टनेच जा."

मी लिफ्टमध्ये शिरले आणि सगळ्या मजल्यांची बटणं दाबली. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, मी कमिटीच्या मेंबरांच्या बंद दारांना नमस्कार करायचे, दार मिटायचं. इतका बरा प्रवास मी आयुष्यात केला नाही!

*

मग वर कुणाला तरी साक्षात्कार झाला की स्टाफला ताण आहे. लगेच फतवा निघाला: ताणमुक्तीचं ऑनलाइन सेशन, सगळ्यांना सक्तीचं, हजेरी लागणार. वेळ दुपारी अडीचची, म्हणजे सकाळची ड्युटी करून मेलेल्यांना घरी जायचं असतं तेव्हाची. आम्ही सहाजण मीटिंग रूममध्ये एका स्क्रीनपुढे बसलो. गावित म्हणाला, "ताण जाईल का नाय माहीत नाय, पण बस जाईल."

समोर एक समुपदेशक. चष्मेवाले, आवाज मऊ. म्हणाले, "पाठ टेका. डोळे मिटा. आता मनाला सांगा, की इथे मला कुणाचीही हाक येणार नाही."

संपलं! डोळे मिटले ते मिटलेच. मी जागी झाले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गावित घोरत होता, मावशी खुर्चीतून घसरून जमिनीवर आडव्या. आणि स्क्रीनवर तो माणूस तसाच बसलेला. हलला नव्हता, बोलला नव्हता. मला डोळे उघडताना बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच आपला माइक बंद केला. त्या दोन वर्षांत आम्हाला भेटलेला खरा तज्ज्ञ तो एकटाच!

जागी एकच होती. मनीषा. ताठ बसलेली, डोळे उघडे. मी विचारलं, "झोपली नाहीस गं?" म्हणाली, "हाक आली तर?"

*

त्याच सुमारास तिच्याकडे सात नंबरला देवरे बाबा होते. सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे. मनीषाची आजी तीच भाषा बोलायची, त्यामुळे दोघांचं मेतकूट जमलं. ती कीट घालून आत गेली की बाबा मास्कमधूनच विचारायचे, "बरं शे ना, माय?" पेशंट सिस्टरला विचारतोय! ती रोज त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. मुलगी मळ्यात जाऊन डाळिंबाची झाडं दाखवायची आणि बाबा इथून ओरडायचे, की पाणी जास्त झालंय.

नऊ दिवस असे गेले. एके दुपारी मी ड्युटीवर आले तर सात नंबरला कुणी तरी दुसराच. बाबा गेले, हे मला बेड बघून कळलं. वॉर्डाबाहेर पेशंट रांगेत होते, बेड क्षणभर रिकामा राहत नव्हता. मनीषाने बारा जणांचा ओव्हर दिला, मी बारा जणांचा घेतला. ती घरी गेली. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचा ओव्हर, पुन्हा घेणारी मी. एक, दोन, तीन... सहा झाले. "बेड सात. देवरे बाबा, वय बाहत्तर." माझ्या हाताने लिहिलं देखील! मग पेन थांबलं. मी म्हणाले, "मनीषा, अगं, ते काल गेले ना."

"हो," म्हणाली. मग सातवरच्या नव्या पेशंटचं सांगितलं आणि आठवर गेली. मी ती ओळ खोडून टाकली.

*

खोडायला नको होती. कारण प्रशासनाचे साहेब तपासणीला आले आणि नेमकी तीच खाडाखोड त्यांना दिसली. मयत पेशंटची नोंद कशी? मी तिला वाचवायला गेले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी दमलीये हो, डोक्यावर ताण आलाय." माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती. साहेबांनी माझंच वाक्य उचललं. आहेर मानसिकदृष्ट्या अनफिट, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू नाही, आणि तसा शेरा तिच्या कागदांवर मारणार. असा शेरा पडला की नर्सला नाशकातच काय, कुठेच कुणी उभं करत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. सगळ्या स्टाफसाठी फॉर्म निघाला. 'मी मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम असून मला कोणताही ताण नाही. पुढे काही झाल्यास त्याची जबाबदारी माझी राहील.' खाली सही करा.

गावितने फॉर्म वाचला, परत दिला. "मी नाय सही करायचा. माझ्या आईला विचारा, माझं डोकं बरोबर नाय असं ती लहानपणापासून सांगते."

मावशींना मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "डोकं ठिकानावर असतं तर म्या कवाच सिन्नरला पळून गेले असते! मग तुमच्या वार्डात झाडू कोनी मारला असता?" आणि फॉर्मची घडी करून खिडकीच्या फटीत घातली. तिथून वारा यायचा, तो थांबला.

मी माझ्या फॉर्मवर 'कोणताही ताण नाही' यातला 'नाही' खोडला आणि मग सही केली. या वेळची खाडाखोड मात्र मुद्दाम!

एकाचाही फॉर्म धड गेला नाही. साहेब भडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेट्रन मॅडमच्या ऑफिसात मनीषाला बोलावलं, आणि साक्षीदार म्हणून मला.

*

साहेब रजिस्टर घेऊनच आले होते. मॅडम आपल्या खुर्चीत. मनीषा टेबलापुढे उभी, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. मी दाराशी. माझ्या एका वाक्यापायी त्या पोरीची नोकरी चालली होती.

साहेबांनी पान उघडून बोट ठेवलं. "आहेर, तुम्ही मयत पेशंटचा ओव्हर दिलात. पेशंट आदल्या दिवशी गेलाय हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मनीषा म्हणाली. "मीच प्लास्टिकमध्ये बांधलं त्यांना."

"मग? हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे का?"

"बाबा साडेबाराला गेले. दोनच्या ओव्हरला त्यांच्या बेडवर दुसरा पेशंट होता. मी बारा जणांचं सांगितलं, सिस्टरांनी बारा जणांचं लिहून घेतलं. बाबांचं नाव कुणीच घेतलं नाही. नऊ दिवस माझ्याकडे होते ते, साहेब. त्यांचा शेवटचा ओव्हर राहिला होता. तो मी दुसऱ्या दिवशी देत होते. मला मधेच थांबवलं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"अहो, काय बोलताय!" साहेब म्हणाले. "मेलेल्या पेशंटचा ओव्हर नसतो!"

"म्हणूनच तर डोकं फिरतं, साहेब!"

इतका मोठा आवाज मी त्या पोरीचा कधी ऐकला नव्हता. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. साहेब मॅडमकडे वळले. "बघा! बघितलंत? मी काय म्हणत होतो!"

मेट्रन मॅडमनी त्यांच्या हाताखालून रजिस्टर ओढून घेतलं. कोरं पान उघडलं. तारीख घातली, पेनचं टोपण काढलं.

"आहेर सिस्टर," त्या म्हणाल्या. "बेड सात."

मनीषाने एकदा मॅडमकडे बघितलं. मग दोन्ही हात मागे बांधले आणि सरळ उभी राहिली.

"बेड सात. देवरे बाबा, वय बाहत्तर. सकाळी आठला कॉन्शस, ओरिएंटेड. नऊला अर्धा कप दूध घेतलं. दहाला मुलीशी बोलले, झाडं बघितली. साडेअकराला धाप वाढली. माझा हात धरला. म्हणाले, 'माय, तू जेवी ले...'"

"मॅडम, हे काय चाललंय? मी इथे..."

मॅडमनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच म्हणाल्या,

"साहेब, ओव्हर चालू आहे. मधे बोलायचं नाही."